गॅलरीतली माशाच्या तेलाची बाटली

माझ्या भावजयीचं कौतुक मी करतेय हे ऐकलं तर आमच्या बिल्डिंगमधल्या बायका पोट धरधरून हसतील. हसोत. बावीस वर्षं मी वृंदाच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढली. तिची पोळी जाड, तिचं बोलणं तुटक, देवापुढे बसली तरी लक्ष घड्याळाकडे. तरीही आता सांगते, तिच्याइतकी सरळ बाई मी पाहिलेली नाही. आणि ते मला कळलं कधी, तर मी तिच्याशी चांगली सव्वादोन महिने लबाडी केली तेव्हा.

बदलापूरला कात्रपमध्ये आमची समोरासमोर दारं आहेत. माझे यजमान गेल्यावर चिंतामणी, म्हणजे माझा धाकटा भाऊ, मला म्हणाला, ताई, समोरचा फ्लॅट रिकामा होतोय, तू इकडेच ये. आले. तेव्हापासून दोन्ही दारं दिवसभर उघडी आणि स्वयंपाक एकच, त्यांच्याकडे. चिंतामणी अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. घरात त्याचा आवाज म्हणाल तर फक्त शिंकेचा.

वृंदा अंबरनाथ पश्चिमेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. नुसतं घेते म्हणणं म्हणजे अन्यायच. काही माणसांची नस म्हणून सापडत नाही. माझीच घ्या ना. माझा दंड असा गुबगुबीत की तीन-तीन ठिकाणी टोचून लोकं घामाघूम होतात आणि शेवटी मलाच म्हणतात, "काकू, पाणी कमी पिता का?" वृंदा मात्र नुसतं बोट फिरवायची, डोळे मिटल्यासारखे करायची आणि एका टोच्यात काम. तान्ही बाळं, केमो घेतलेली माणसं, नव्वदीच्या आजीबाई, सगळे तिच्याच खुर्चीपुढे रांग लावायचे.

त्यातली एक हिमानी. उल्हासनगरची सिंधी मुलगी, नऊ वर्षांची, थॅलेसेमियावाली. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, आणि त्याआधी तपासणीला रक्त द्यावं लागतं. जन्मल्यापासून टोचून टोचून त्या पोरीच्या नसा पार लपून बसल्या होत्या. ती दारातूनच विचारायची, "वृंदा आंटी है क्या?" नसली तर आईचा हात धरून परत. मग वृंदा सुट्टीच्या दिवशीही जायची. मी म्हणायची, "एवढं काय अडलंय? दुसरं कोणी नाही का लॅबमध्ये?" ती म्हणायची, "आहेत वन्सं. पण तिला एकदाच टोचायला हवं ना."

अशा बाईच्या बोटांनाच नेमकं दुखणं यावं! दोन वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर तिची बोटं सुजलेली दिसायला लागली. मी म्हटलं, वात असेल, एरंडेल लाव. तिने सरळ स्वतःचं रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्टही स्वतःच छापून घरी आणला. आमवात. साध्या सांधेदुखीतला नव्हे, आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, तसला. कल्याणला संधिवाताचे डॉक्टर गाठले, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली. सूज बरीच उतरली, पण सकाळचा कडकपणा काही जाईना. आणि लॅबचं काम असतं सकाळीच. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक सात वाजता दारात हजर.

मग तिने एक वही केली. उठली की रबरी पट्टा, रक्त घेताना दंडाला बांधतात ना तो, न्हाणीघरातल्या नळाला बांधायचा आणि एका हाताने सोडायचा. जमेपर्यंत दर पाच मिनिटांनी करत राहायचं. जमलं की उठल्यापासून किती मिनिटं झाली ते वहीत लिहायचं. सुरुवातीला एकशे तीस मिनिटं लागायची. म्हणजे सातला हात चालायला हवे तर साडेचारला उठा! आणि उठायची हो. कुरकुर नाही, कण्हणं नाही. मला साधी कणकण आली तर मी चार घरं गोळा करते.

उपाय सुचवणारे तर काय, पावलोपावली. खालच्या मजल्यावरची उन्नती कुठल्याशा परदेशी शिंपल्यांच्या पावडरीचा डबा घेऊन आली. "वहिनी, हे सुरू करा आणि डॉक्टरच्या सगळ्या गोळ्या बंद! समुद्रातलं आहे, नॅचरल." वृंदाने डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "नक्की काय आणि किती आहे, हे कुठे लिहिलंय?" उन्नती म्हणाली, "तसं नाही, पण रिझल्ट आहेत." वृंदाने डबा परत दिला, वर चहा पाजला.

पण डॉक्टरांना मात्र तिने विचारलं. ते म्हणाले, शिंपल्यांचं काही खात्रीने सांगता येत नाही. माशाच्या तेलाने काहीजणांचा सकाळचा कडकपणा थोडा कमी होतो. गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला. तीन-चार महिने नेमाने घेऊन बघा, आणि कुठली बाटली घ्यायची ते मी लिहून देतो.

माशाचं तेल! आमच्या घरात! कांदा-लसूणसुद्धा चार महिने उंबऱ्याबाहेर असतो आमच्याकडे. मी आकाशपाताळ एक केलं. म्हटलं, "या हातांनी तू गौरीचा नैवेद्य करतेस!" वृंदा म्हणाली, "वन्सं, हेच हात चालावेत म्हणून घेतेय." चिंतामणीने पेपर तोंडापुढे धरला. शेवटी तह झाला. बाटली घरात यायची नाही. गॅलरीत, चपलांच्या कपाटावर, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात राहायची. वृंदाने जेवण झालं की गॅलरीत जायचं, उभ्याने तेल भरलेल्या दोन गोळ्या घ्यायच्या, बाहेरच्या नळावर चूळ भरायची, हात धुवायचे आणि मगच आत यायचं. एवढंच ती म्हणाली, "गॅलरीत ऊन येतं, तेल खराब होईल." मी म्हटलं, डब्यावर फडकं घाल. तिने ओलं फडकं घातलं आणि रोज ते बदलत राहिली. सासूबाई नसलेल्या घरात मीच सासू होऊन बसले होते, दुसरं काय!

जानेवारीत सुरू केलं. माशाची ढेकर येते म्हणून बिचारी तोंडात वेलदोडा धरून फिरायची. पण मे महिन्यात वहीत आकडा होता पंचावन्न. साडेचारचं उठणं पावणेसहावर आलं. मी पाहिलं, पण कबूल करायला जीभ रेटेना.

मग श्रावण आला. मी म्हटलं, "एवढा महिना बंद ठेव गं." ती म्हणाली, "मध्ये खंड पाडला तर कळणार कसं, वन्सं? माफ करा, नाही जमणार." तुटक बोलणं म्हणाले ना, ते हे. मला भारी झोंबलं. दुपारी ती लॅबमध्ये असताना मी स्टेशनजवळच्या केमिस्टकडे गेले. तिथे जवसाच्या तेलाच्या गोळ्या मिळाल्या. तश्शाच पिवळ्या, तश्शाच चकचकीत. या बाटलीवर ओमेगा-थ्री लिहिलेलं, त्या बाटलीवरही ओमेगा-थ्रीच. म्हटलं, मग भांडण कसलं? जवस आपलंच आहे, आपण त्याची चटणी खातो. घरी येऊन तिच्या बाटलीतल्या गोळ्या कागदावर ओतल्या, कागदाची पुडी करून कचऱ्यात टाकली आणि बाटलीत जवस भरलं. हात साबणाने तीनदा धुतले. मला तर आपण मोठं पुण्यकर्म केलं असंच वाटत होतं.

एकच महिना करणार होते हो, देवाशपथ. पण श्रावण संपला तर गणपती आले. गणपती गेले तर पितृपक्ष. मग नवरात्र. आपल्याकडे सण संपतात कुठे? तिची नवी बाटली आली की मी पुन्हा तेच करायची. मधे एकदा वृंदा खुशीत म्हणाली, "वन्सं, आता ढेकरही येत नाही. पोटाला सवय झाली वाटतं." मी पोळी लाटत होते, मान वर केली नाही.

वहीतला आकडा मात्र चढायला लागला. सत्तर. नव्वद. भाद्रपदात एकशे दहा. मी मनाशी म्हणायची, पावसाळी हवा आहे, दमटपणा आहे. माणूस स्वतःला किती समजावतो! वृंदाने ती वही डॉक्टरांना दाखवली आणि त्यांनी तिची आठवड्याची गोळी वाढवली. त्या गोळीने तिला दुसऱ्या दिवशी मळमळायचं. तशीच, लिंबू चोखत, ती कामाला जायची. मी तिला लिंबू कापून द्यायची. बघा माझी कमाल!

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी साखर तपासायला तिच्या लॅबमध्ये गेले. बाकावर बसले होते, इतक्यात हिमानी आली, आईबरोबर. वृंदाच्या खुर्चीपुढे बसली आणि सवयीने हात पुढे करून भिंतीवरचं चित्र बघायला लागली. इतका तिचा विश्वास. वृंदाने पट्टा बांधला, म्हणजे बांधायला गेली. तो सुटला. दुसऱ्यांदा बांधला. बोट फिरवलं, सुई घातली, आणि रक्त आलं नाही.

हिमानीने चित्रावरची नजर काढून वृंदाकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "आंटी, कोई बात नहीं. दूसरा हाथ ले लो." आणि दुसरा हात पुढे केला. वृंदाने तो घेतला नाही. आतल्या यज्ञेशला हाक मारली, तो तिच्या हाताखाली शिकून तयार झालेला मुलगा. त्याला दोनदा टोचावं लागलं. दुसऱ्या वेळी हिमानीने ओठ चावला. तिच्या आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. आणि वृंदा, जिच्या डोळ्यांत मी बावीस वर्षांत पाणी पाहिलं नव्हतं, ती कोपऱ्यात उभी राहून ढसाढसा रडत होती.

माझं रक्त त्या दिवशी राहूनच गेलं. परतताना रिक्षात ती शांतपणे म्हणाली, "वन्सं, महिनाअखेरीला मी सोडते. लॅबच्या साहेबांना सांगितलंय. माझ्या हातावर भरवसा ठेवून कुणाच्या पोरीने सुई का खावी?"

घरी आल्यावर तिने जेवायला वाढलं. ताट सरकवलं आणि सगळं सांगून टाकलं. श्रावण, केमिस्ट, कागदाची पुडी, सगळं. म्हटलं, "मार मला वृंदा, पण नोकरी सोडू नकोस."

ती गॅलरीत गेली आणि बाटली घेऊन सरळ आत आली, स्वयंपाकघरात, ओट्याजवळ. एक गोळी बशीत ठेवली, टाचणी घेतली. टाचणी तिच्या बोटांतून दोनदा निसटली. मग तिने ती माझ्यापुढे धरली. "तुम्ही टोचा. माझ्याच्याने होत नाही." मी टोचली. बशीत तेलाचा थेंब आला, तिने वास घेतला. "जवस," म्हणाली. आणि मग ती चिडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला चिडलेली पाहिली.

"माझ्याशी खोटं बोललात, त्याचं मला इतकं काही नाही. पण तुम्ही माझ्या वहीत खोटं घातलंत! ते आकडे मी डॉक्टरांना दाखवले. त्यावरून त्यांनी माझी गोळी वाढवली. एखाद्या पेशंटच्या रिपोर्टात मी असं केलं तर मला लॅबमध्ये कोणी उभं करेल का?"

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. एरवी मला कोणी एक शब्द बोललं तर मी दहा ऐकवते. मग वृंदाने वही काढली आणि मला तारीख विचारली. नक्की कुठल्या दिवशी बदलल्यात? मी म्हटलं, पहिल्या श्रावणी सोमवारी. तिने ते पान काढलं, वाकड्यातिकड्या बोटांनी लाल पेन धरलं आणि समासात लिहिलं, "येथून पुढे जवस." लिहिता लिहिता थांबली आणि चक्क हसायला लागली. "अहो, ढेकर बंद झाली तेव्हाच मला कळायला हवं होतं! मी कसली डोंबलाची लॅबवाली!" ती हसली आणि मला हुंदका फुटला. तिने माझं ताट पुन्हा माझ्यापुढे सरकवलं आणि शांतपणे समजावलं, की जवसातलं ओमेगा वेगळं असतं, त्यातलं आपलं शरीर फारच थोडं माशातल्यासारखं करून घेतं. नाव एक असलं म्हणून वस्तू एक होत नाही.

संध्याकाळी तिने डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. फक्त "घरात बाटलीची अदलाबदल झाली" म्हणाली. कोणी केली ते सांगितलं नाही. मी समोरच बसले होते. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी पूर्वीइतकी केली. साहेबांना ती म्हणाली, मला तीन महिने द्या, तोवर लहान मुलं आणि अवघड नसा यज्ञेश बघेल, मी सोप्या घेईन. जमलं नाही तर मी जाणारच. यज्ञेशला रोज शेजारी बसवून ती शिकवत राहिली. हिमानी आली की तिचा हात वृंदाच्या हातात आणि सुई यज्ञेशच्या. तरीही दोनदा टोचावं लागायचंच.

आणि मी? मी त्याच केमिस्टकडे गेले आणि चार ओळखीच्या बायकांसमोर खणखणीत आवाजात म्हटलं, "माशाच्या तेलाच्या गोळ्या द्या." डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. बाटली घरी आणली आणि ओट्यावरच्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी, ठेवली. चिंतामणीने पेपर खाली करून पाहिलं. "ताई, ही इथे?" "गॅलरीत ऊन येतं," मी म्हटलं. "तेल खराब होतं, एवढं कळत नाही का तुला?" रोज जेवणं झाली की दोन गोळ्या मीच काढून तिच्या तळहातावर ठेवायला लागले.

आकडा हळूहळू उतरला. एकशे वीस, शंभर, ऐंशी. संक्रांतीला साठ. चिंतामणी म्हणाला, चमत्कारच! उन्नती तर धावत आली, वहिनी, फोटोबरोबर दोन ओळी लिहून द्या, समुद्रातल्या औषधाने बऱ्या झालात म्हणून. वृंदा म्हणाली, "मी बरी झालेली नाही. डॉक्टरांची गोळी चालूच आहे आणि ती बंद केली तर मी अंथरूण धरेन. तेलाने मला थोडं सैल होतं, असं वाटतं. पण पावसाळाही सरला होता, तेव्हा तेवढंही ठामपणे सांगता येणार नाही. माझ्या वहीवरून दुसऱ्या कुणी काही बंद करू नये." उन्नतीचं तोंड एवढंसं झालं. मी तिला तिळगूळ दिला आणि म्हटलं, "ऐकलंस? आता जा." कोणी स्वतःची फुकटची वाहवा अशी परत करतं का हो? आमची वृंदा करते.

तीन महिने भरले त्या सकाळी मी न बोलावता तिच्याबरोबर लॅबमध्ये गेले. साखरेची तपासणी राहिलीच होती. यज्ञेश उठला, तर मी म्हटलं, "तू बस." आणि वृंदाच्या खुर्चीपुढे बसून हात पुढे केला. ती मागे सरली. "वन्सं, तुमची नस फार अवघड. चुकलं तर?"

"म्हणूनच माझी घे. चुकलं तर मला टोच, दहादा टोच, मी तुझं तेवढं देणं लागते. त्या पोरीच्या आधी माझ्यावर बघ."

तिने पट्टा बांधला. एकदाच. बोट फिरवलं, कोपराच्या आत, थोडं खाली, पुन्हा वर. मी भित्री, डोळे घट्ट मिटले, दात आवळले, मनात रामरक्षा. बराच वेळ झाला तरी काही होईना. म्हटलं, धीर सुटला वाटतं हिचा. "टोच की गं आता!"

"वन्सं, डोळे उघडा," वृंदा म्हणाली. "झालं केव्हाच."

बघते तर नळी भरलेली आणि माझ्या हातावर कापसाचा बोळा. वृंदा तो स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरत होती आणि तिचा अंगठा जराही थरथरत नव्हता. तिने नळीवर माझं नाव लिहिलं, वेळ टाकली, आणि मान वर न करताच म्हणाली, "हिमानीच्या आईचा नंबर त्या डायरीत आहे. शनिवारी घेऊन या म्हणावं."

यज्ञेश फोनकडे निघाला होता. मी त्याला हातानेच थांबवलं, बोळा दाबत उठले आणि नंबर मीच फिरवला.